बगळीचे ब्रेक

राखीपौर्णिमेच्या दुपारी बहिणीनं मला नुकतं ओवाळलं होतं. कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं, तोंडात पेढा होता, आणि फोन वाजला. मंचरच्या एका ओळखीच्या दुकानदाराचा फोन. म्हणाला, "मास्तर, कळंबच्या अलीकडं बगळीला मागनं पिकअपनं ठोकलंय. सुभाषशेठ एकलेच व्हते आत…" बगळी म्हणजे माझा मित्र सुभाष याची पांढरी, गोल दिव्यांची, पन्नाशीला टेकलेली गाडी. राखी बांधून घ्यायला तो नारायणगावला बहिणीकडे गेला होता आणि परत येत होता. आता अशा वेळी माणूस पहिलं काय विचारतो? सुभाष कसा आहे, कुठं लागलंय, दवाखान्यात नेलं का. मी विचारलं, "ब्रेक लागले व्हते का?"

पलीकडून तो म्हणाला, "लागले की. लागले म्हणूनच तर…"

पुढचं त्यानं सांगितलं नाही. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा पुढचं सांगायला कुणाची गरजही नव्हती. सुभाष तिथं पोचण्याआधीच गेला होता. अंगावर कुठं रक्ताचा थेंब नाही, मनगटावर लाल-पिवळी राखी, आणि मान तेवढी जराशी वाकडी. जुन्या गाड्यांच्या सीटला मानेमागे टेकू नसतो. हे मला माहीत होतं. मी माणसाच्या मानेचं काहीच केलं नव्हतं, मी फक्त गाडीचे ब्रेक बदलले होते. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. सुभाषबद्दल लिहायला बसतो आणि दर वेळी माझा तो पहिला प्रश्न आधी येऊन समोर बसतो. म्हणून आधी तोच लिहून टाकला.

मी अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉपला आहे. पोरांना लेथ, वेल्डिंग, फायलिंग शिकवतो. आमचं घराणं मेंढरं राखणारं. माझ्या पिढीत बहुतेकांनी काठी सोडून नांगर धरला, मी पाना धरला. सुभाष मंचरचा, कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्याच्या घरातला. त्याचे पणजोबा राजस्थानातून आले, पण सुभाषच्या तोंडी मारवाडी फक्त आईशी बोलताना यायची, बाकी सगळं अस्सल मंचरचं. शाळेत आम्ही एका बाकावर. त्याच्या डब्यात कांदा नसायचा आणि दप्तराला मात्र वखारीतल्या कांद्याचा वास यायचा, यावरून मी त्याला किती छळलं असेल! तो हसायचा. मी कॉलेजात लागलो त्या दिवसापासून त्यानं माझं नाव घ्यायचं सोडलं आणि मला मास्तर म्हणायला लागला.

जैनांमध्ये पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीला, वर्षभरात कळत-नकळत जे चुकलं त्याची सगळ्यांकडे क्षमा मागायची रीत आहे. सुभाष दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं झालं की पहिल्यांदा माझ्याकडे यायचा. दारात चपला काढायचा, हात जोडायचा आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "मिच्छामि दुक्कडं, मास्तर. वरसभरात काय चुकलं असंल तर पोटात घाल." मला लाज वाटायची. एवढा मोठा शेठ माझ्यासारख्याच्या दारात हात जोडून उभा! मी म्हणायचो, "आत ये आधी, च्या घे. नाटक बास." तो चहा घ्यायचा, आणि दरवर्षी निघताना न चुकता म्हणायचा, "तू बी म्हन की रे एकदा. परत म्हनायचं असतं." आणि मी दरवर्षी म्हणायचो, "माझं काय चुकलंय?"

पंचवीस-तीस वर्षं हा खेळ चालला. मी एकदाही म्हणालो नाही.

गाडी त्याच्या वडिलांची, बाबूजींची. बाबूजी गेल्यावर सुभाषनं ती मुलासारखी सांभाळली. खरं तर मुलापेक्षा जास्तच, कारण ऋषभ पुण्यात नोकरी करतो आणि त्याची स्वतःची चकचकीत गाडी आहे. बगळी चालवायच्या सुभाषच्या काही तऱ्हा होत्या. चपला सीटखाली ठेवून तो अनवाणी चालवायचा. किल्ली लावण्याआधी बॉनेटवर तीन थापा मारायचा आणि मग मनातल्या मनात काहीतरी मोजत उभा राहायचा. इंजिनाच्या उबेला खाली मांजर, खार, काहीबाही येऊन बसतं, त्याला निघायला वेळ द्यायचा म्हणून. मी एकदा वैतागून म्हणालो, "इतक्या वर्सांत एकदा तरी काय निघालंय का?" तर म्हणाला, "निघालं न्हाई म्हंजी आत काय नव्हतं, असं थोडंच हाय?" रस्त्यावर तो पस्तिसाच्या वर जायचा नाही. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे, आणि शेअर जीपवाले पुढं जाताना त्याला जे काही सांगून जायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चारेक वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात घोडेगावच्या रस्त्याला त्याच्यासमोर मेंढरं आली. ती नेमकी आमचीच, म्हणजे माझ्या चुलतभावाची, आणि सोबत आमचे आबा, माझे वडील. बगळी नुकतीच एका ओढ्याच्या पाण्यातून निघालेली. जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक भिजले की काही वेळ धरतच नाहीत, नुसते घसरतात. सुभाषनं पाय दाबला, आणखी दाबला, गाडी आपली सावकाश पुढं जात राहिली आणि एक कोकरू चाकाखाली आलं. तो तिथंच चिखलात बसला. आबाच त्याची समजूत घालत होते. "शेठ, उठा. बिबट्या वरसाला चार नेतो आमची. कोकरू गेलं, तुमी न्हाई गेला, हे बगा की." सुभाष उठला नाही. आबांनी मला फोन करून बोलावलं. मी गेलो तर तो त्या कोकराचे कान पुसत होता, आपल्या पांढऱ्या रुमालानं. "मी दाबला रे," एवढंच म्हणत होता. "मी दाबला व्हता."

तीन दिवस तो जेवला नाही. पुढं वर्षभर बगळी वखारीत ताडपत्रीखाली राहिली. शोभाभाभी, त्याची बायको, म्हणाल्या, विकून टाका. ऋषभ म्हणाला, नवी घ्या. सुभाष एका रविवारी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मास्तर, हिला थांबायला शिकव." मी म्हणालो, नवी गाडी आयतीच थांबते. तर म्हणाला, "नवी थांबती, मला ठाव हाय. कोकरू हिनं मारलं. हीच थांबाया पायजे."

अशी हट्टी माणसं मला आवडतात, कारण मीही तसलाच. शिवाय खरं सांगायचं तर माझे हात शिवशिवत होते. पोरांना तेच ते चौकोनी तुकडे घासायला लावून कंटाळा आला होता. मी ठरवलं, पुढच्या दोन्ही चाकांचे ड्रम काढून तिथं डिस्क बसवायच्या, आणि पाय हलका पडला तरी जोर पुरावा म्हणून पेडलला बूस्टर. एका अलीकडच्या गाडीचे भाग भंगारातून निवडून आणले. ते बगळीच्या चाकाला जसेच्या तसे बसणार नव्हतेच, मध्ये लोखंडी पट्टी हवी. ती मी स्वतः आखली आणि मंचरच्या लेथवाल्याकडून कापून घेतली. पहिली जोडी दोन मिलिमीटरनं चुकली, डिस्क घासायला लागली. पोरांना मी अर्ध्या मिलिमीटरसाठी झापतो! ती जोडी मी गुपचूप फेकली. सुभाषनं ते पाहिलं होतं.

सहा रविवार माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे काम चाललं. सुभाष शेजारी स्टुलावर बसून शंका काढायचा. बूस्टरच्या आत चामडं तर नाही ना? रबर आहे, मी म्हणालो. मग बेअरिंगला लावायचं ग्रीस कशापासून करतात? त्यात चरबी असती म्हनं. मी डबा त्याच्यासमोर आपटला आणि म्हणालो, "थांब, हिरवा ठिपका हाय का बगतो." तो इतका हसला की स्टुलावरून पडला असता. पण दुसऱ्या रविवारी स्वतः चौकशी करून, खात्री करून दुसरा डबा घेऊन आला, आणि मी निमूट तो वापरला.

शेवटचं काम नळ्यांमधली हवा काढायचं. ब्रेकच्या तेलात हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी पेडल मऊ लागतं. हे काम एकट्यानं होत नाही. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बसून एक छोटा बोल्ट सैल करून तेल आणि हवा बाहेर काढायची आणि पुन्हा आवळायचा. आतल्यानं बाहेरच्याच्या शब्दावर चालायचं. मी खाली उकिडवा बसून म्हणायचो, "दाब." तो दाबायचा. "धर." तो धरून ठेवायचा. मी बोल्ट फिरवायचो, आवळायचो आणि म्हणायचो, "सोड." मग तो पाय उचलायचा. उघड्या दारातून मला त्याचा फक्त अनवाणी पाय दिसायचा, गोरापान, अंगठ्याशी भोवरी असलेला. दाब… धर… सोड. असं पन्नास-साठ वेळा. मध्येच मला कॉलेजातून फोन आला आणि मी बोलत बोलत पार बांधापर्यंत गेलो. परत आलो तर पंधरा मिनिटं होऊन गेलेली, आणि सुभाष तसाच. पाय थरथरतोय, कपाळावर घाम, पण पेडल खालपर्यंत दाबलेलं. मी म्हणालो, "अरे येड्या, सोडायचं की!" तर म्हणाला, "तू सोड म्हनला कुठं?"

पुढं किती दिवस मी ही गोष्ट चार लोकांत सांगून त्याची टिंगल केली. आता सांगवत नाही.

चाचणी घेतली ती अवसरीच्याच रस्त्यावर. मी रस्त्याच्या मधोमध कांद्याची एक रिकामी पाटी ठेवली, सुभाषला शेजारी बसवलं आणि बगळी साठावर नेली. तिनं जन्मात साठ पाहिले असतील-नसतील. पाटी जवळ आल्यावर मी ब्रेक दाबला. बगळी जागच्या जागी थांबली. पाटी बॉनेटपासून हातभर लांब. मला वाटलं सुभाष टाळी देईल, रडेल, काहीतरी करेल. तो मागं वळून रस्त्याकडे बघत होता. म्हणाला, "पुडचं वाचलं, मास्तर. पन मागनं कुनी येत आसतं तर?"

मी त्या दिवशी हवेत होतो. माझ्या हातांनी केलेली वस्तू पहिल्या फटक्यात चालली होती. मी स्टेअरिंगवर हात आपटून म्हणालो, "मागचं मागचा बगंल."

तो हसला. पण घरी पोचेपर्यंत पुन्हा एकदा म्हणाला, मागं मोठा लाल दिवा लावून दे, बाबूजींचे ते दोन बारके दिवे उन्हात दिसत न्हाईत. मी हो म्हणालो. मागच्या काचेत बसवायचा एक लांबट दिवा मी आणलासुद्धा. आधी परीक्षा आल्या, मग घरात लग्न निघालं, मग दिवाळीला नक्की म्हणालो. दोन दिवाळ्या गेल्या. तो दिवा माझ्या कपाटात खोक्यात होता, आणि सुभाष गेल्यानंतरचे बारा दिवस मी त्या खोक्याखेरीज कशाचाही विचार करू शकलो नाही. रात्रंदिवस मनात एकच हिशेब, दिवा असता तर पिकअपवाल्याला दिसला असता. आळस माझा आणि जीव त्याचा. हे असह्य होतं, पण आता कळतं की त्यात एक आधारही होता. केलेलं काम बरोबर होतं, फक्त एक काम राहून गेलं होतं, असं तरी मला म्हणता येत होतं.

तेराव्या दिवशी तो पिकअपवाला माझ्या दारात आला. संतोष त्याचं नाव, तिशी ओलांडलेला, नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट वाहतो. कपाळाला पट्टी. पोलिसांचं चाललंच होतं, पण तो आला होता तो त्यासाठी नाही. आत यायला तयार होईना. उभ्यानंच म्हणाला, "सर, ते ब्रेक तुमीच बसवले व्हते म्हनं. मला येवढंच सांगा, ती गाडी अशी जागेवर थांबली कशी?"

मी त्यालाच विचारलं, मागचा लाल दिवा दिसला होता का. मला 'नाही' ऐकायचं होतं. देवाशपथ, मला 'नाही' हवं होतं.

"दिसला की," तो म्हणाला. "चांगला दिसला. मी बी पाय ठेवला ब्रेकवर. पन मनात म्हनलं, म्हातारी गाडी हाय, थांबता थांबता थांबंल. आमी रोज बगतो ना सर, असल्या गाड्या कशा थांबत्यात ते. तेवढं अंतर ठेवलं व्हतं मी. जुन्या गाडीपुरतं व्हतं ते…"

त्या खोक्यातल्या दिव्याचा काही उपयोग झाला नसता. राहून गेलेल्या कामानं नाही, नीट केलेल्या कामानं सुभाष गेला. मी बगळीचे ब्रेक बदलले आणि तिचा चेहरा जुनाच ठेवला. मागून येणारा तिच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून चालला होता.

मी विचारलं, "तिच्याम्होरं काय व्हतं?"

"सरडा," संतोष म्हणाला. "हिरवागार. त्यो डुलत डुलत चालतो ना, एक पाय उचलायचा का न्हाई ते ठरवत, त्यो. मी उतरून पळत गेलो तवा शेवटचं पाऊल टाकून गवतात शिरत व्हता. ठोकर बसल्याव बी गाडी घासत चार-पाच हातच गेली. शेठला भाईर काढलं ना आमी, तर पाय ब्रेकवर तसाच. उघडा पाय. दोगांनी धरून उचलावा लागला."

तो गेल्यावर मी शेडमध्ये जाऊन पाने पुसत बसलो, उगाच, स्वच्छ असलेलेच.

परवा संवत्सरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं माझ्या बायकोनं चहाचं आधण जास्त ठेवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं. मी कपडे केले आणि मंचरला गेलो. वाटेत ते दोन शब्द मनात शंभरदा घोळवले. दुकानावरच्या घराचा जिना चढलो, शोभाभाभींनी दार उघडलं, आणि मी हात जोडण्याआधी त्यांनी जोडले. "मिच्छामि दुक्कडं, भाऊ," त्या म्हणाल्या. "दरवरसी पैलं तुमच्याकडं यायचे ते. मीच येनार व्हते."

माझ्या तोंडून ते शब्द फुटलेच नाहीत. भलतंच निघालं. मी म्हणालो, "भाभी, मागचं मागचा बगंल, असं मी म्हनलो व्हतो त्याला."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "त्या दिवसी घरी येऊन सांगितलं व्हतं. लई हसले व्हते. तवापासनं रोज गाडी काढली का मी वरनं वरडायची, मागचं बगा हो. तर खालनं म्हनायचे, मास्तरनं सांगितलंय, मागचं मागचा बगतो." एवढं बोलून त्या जराशा हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावून आत गेल्या. बाहेर आल्या त्या वखारीची किल्ली घेऊन. म्हणाल्या, "गाडी वखारीत आनून ठेवलीय. रिषभ भंगारात द्यायची म्हनतोय. तुमी येकदा बगून घ्या."

वखारीत कांद्याचा तोच वास होता, त्याच्या शाळेच्या दप्तराला यायचा तो. बगळी कोपऱ्यात उभी होती. मागचा अर्धा भाग चेंबून आत गेलेला, बाबूजींचे ते दोन बारके दिवे फुटलेले. पुढून मात्र काहीच झालं नव्हतं. पुढून पाहिलं तर वाटावं, आत्ता निघेल. जवळ गेलो आणि माझ्या हातानं आपणहून बॉनेटवर तीन थापा मारल्या. मी थांबलो. खालून काही निघालं नाही. तरी त्याच्याइतकाच वेळ थांबलो.

मग पुढचं दार उघडलं. सीटखाली त्याच्या चपला तशाच होत्या, एकमेकींना चिकटून. पेडलवर मी बसवलेलं रबर अंगठ्याच्या बाजूला जरा झिजलेलं. डिस्कवर इतक्या दिवसांत गंजाची पातळ साय धरली होती. मी बोटानं पुसली तर खाली लखलखीत. दोन मिलिमीटरनं चुकलेली ती पहिली पट्टीच मी बसवली असती तर… असला विचारही येऊन गेला. पंधरा मिनिटं मी तिथं होतो की तासभर, सांगता येत नाही.

पुढच्या चाकापाशी मी उकिडवा बसलो, त्या रविवारी बसलो होतो तसा. उघड्या दारातून पेडल दिसत होतं. वखारीत कुणी नव्हतं. मी हात जोडले आणि म्हणालो, "मिच्छामि दुक्कडं, सुभाष." आयुष्यात पहिल्यांदा. परत म्हणायचं असतं, असं तोच सांगायचा. आता परत म्हणायला तो नव्हता.

उठायला लागलो, आणि उठता येईना. तो पाय डोळ्यांसमोरून हलेना. दोघांनी धरून उचलावा लागलेला, सांगितल्याशिवाय न हलणारा तो अनवाणी पाय. मी पुन्हा चाकापाशी बसलो, आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालो, "सोड."